परवा या

खडकी छावणीतल्या कुणा इंग्रज कॅप्टनची रोजनिशी,
भाषांतराचे पानामागे दीडशे रुपये,
आणि सत्तेचाळिसाव्या पानावर हे गचपण: पेरेंडिनेट.
मोची, लिहितो कॅप्टन, माझे बूट सहा आठवडे
पेरेंडिनेट करतो आहे.

इंग्रजी कोशात अर्थ एका ओळीचा: परवावर ढकलणे.
पुढे तिरप्या अक्षरांत लॅटिन, आणि एक बाण.
त्या बाणामागे जायला मोठा कोश लागतो.

मोठा कोश होता माझ्याकडे,
म्हणजे फादर जेरोम लोपीस यांचा,
नगर रोडच्या सेमिनरीतून एका सुट्टीपुरता आणलेला,
अकरा वर्षांपूर्वी.
सध्या तो गंज पेठेत, कुतुबभाईंकडे,
पाठ निखळली म्हणून बांधणीला.
पावतीवर तारखेच्या रकान्यात
त्यांच्या ठसठशीत अक्षरात: परवा.

कुठला, ते नाही.

फोन केला फादरांना.
कालच बोलणं अर्धं राहिल्यासारखे ते सुरू झाले.
"क्रास म्हणजे उद्या. प्रोक्रास्टिनेट करणारा
निदान उद्याचं तरी नाव घेतो.
तुझा मोची एक घर पुढे. पेरेंदिए, पलीकडचा दिवस.
त्यातला दिए आपल्या दिवसाचा सख्खा चुलतभाऊ,
आणि अख्ख्या शब्दाचा एक जुळा आहे संस्कृतात,
आता आठवत नाही मेला,
पण मी समासात लिहून ठेवलाय, पेन्सिलीनं.
उघड ना कोश."

बांधणीला टाकलाय, हे सांगितलं नाही मी.
म्हटलं, परवा घेऊन येते.
"रोमचा कावळा क्रास क्रास करतो," ते हसले, "उद्या, उद्या.
आपल्या कावळ्यानं काव केलं की पाहुणा दारात.
बघू तू कुठल्या कावळ्याची."

परवा गेले नाही.
मेट्रोसाठी रस्ता खणलेला,
मग कॅप्टनच्या बायकोचं बाळंतपण, पान साठ ते पंच्याहत्तर,
मग कुतुबभाई: "सरस ओली आहे बाई, परवा या."

आपल्या परवाला दोन्हीकडे तोंड.
काल, आज, उद्या, अशा तीन खोल्यांत आपण राहतो
आणि दोन्ही भिंतींपलीकडे एकाच नावाचा शेजारी.
वाक्य संपेस्तोवर कळत नाही
तो येऊन गेलाय की यायचाय.

एका सकाळी सेमिनरीतून फोन,
कुणी तरुण ब्रदर, आवाज तुटत तुटत:
"फादर जेरोम परवा"
आणि रेंज गेली.

मी त्या वाक्यात तशीच उभी.
परवा वसईला निघणार आहेत.
परवा तुमची आठवण काढत होते.
परवा येऊन जा म्हणतायत.
मराठीतली सगळी क्रियापदं हाताशी होती.
पहिलं मिळालं ते गॅसवरच्या दुधाला.
ऊतू गेलं.

लॅटिनमध्ये सरलेल्या परवाला वेगळं नाव आहे.
नुदिउस तेर्तिउस.
आता तिसरा दिवस, असा त्याचा सरळ अर्थ.
त्यांनीच शिकवला होता, बोटं मोजून.

कोश मिळाला. काळं कापड, नवी पाठ,
सोनेरी अक्षरं एका रेषेत.
पेरेंदिए सापडलं, उजव्या पानावर, अगदी खाली.
शेजारी समासात फिकट पेन्सिल: परे
आणि तिथे पान संपलेलं,
नवंकोरं, गुळगुळीत, सुरीसारखं.

दोन शब्द जोडतो तोही समास,
कडेला कोरी जागा सोडतो तोही.

"कडा कापाव्याच लागतात बाई," कुतुबभाई म्हणाले,
"नाहीतर जिल्द बसत नाही."
पैसे काढले तर सुट्टे नव्हते त्यांच्याकडे.
"राहू द्या. परवा द्या."

कॅप्टनचं वाक्य शेवटी असं केलं:
सहा आठवडे झाले, मोची म्हणतो, परवा या.
बूट मिळाले की नाही
ते रोजनिशीत कुठेच नाही.